टर्बो एसयूव्ही सात वर्षांच्या कर्जावर घ्यावी का?

प्रश्न: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई असं आमचं घर. नऊ वर्षांची हॅचबॅक आता पुरत नाही. रविवारी सकाळी टर्बो पेट्रोल इंजिनाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही वीस मिनिटं चालवून पाहिली, फारच आवडली. त्याच गाडीचं साध्या इंजिनाचं मॉडेल स्वस्त आहे, पण ते चालवलं नाही. शोरूमवाले म्हणतात, दहा टक्के भरा, बाकी सात वर्षांत फेडा, व्याज फक्त ५ टक्के. ते दहा टक्के मुदत ठेवीतून काढता येतील. टर्बोला मायलेजही जास्त मिळतं म्हणे. वर्षाला साधारण ९,००० किलोमीटर होतात, बहुतेक शाळा-ऑफिसच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवास. घरखर्चाचे आकडे सोबत पाठवले आहेत. घ्यावी का?

उत्तर: गाडी घ्या. पण आत्ता नको, या कर्जावर नको आणि बहुधा टर्बोही नको. तिसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही, पहिल्या दोन्हींवर मात्र बसेन.

तुमचे आकडे सोयीसाठी असे मांडतो: दोघांचा मिळून हातात पडणारा मासिक पगार १०० धरा. त्यातून घराचा हप्ता २४, घरखर्च आणि शाळा ४४, मुलांचे शिक्षण व निवृत्ती यांसाठीची गुंतवणूक १४. उरतात १८. मुदत ठेवी ४८०. वर्षाचा बोनस १००. टर्बो गाडी सगळे धरून १५०० ला, साधी १३०० ला. जुन्या गाडीचे आज १६० येतील.

आधी ते ‘फक्त ५ टक्के’. हा फ्लॅट दर आहे. म्हणजे तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता, तरी व्याज सातही वर्षे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावले जाते. कर्ज १३५०, त्याचे ५ टक्के, गुणिले ७ वर्षे: व्याज ४७२. हप्ता २१.७. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने (व्याज फक्त उरलेल्या कर्जावर) मोजला तर दर जवळपास ९ टक्के निघतो. तुमच्या घराच्या कर्जाचा दर घटत्या शिलकीवरचा आहे, त्यामुळे दोन्ही दर शेजारी ठेवून ‘गाडीचे कर्ज स्वस्त’ म्हणणे चूक. लेखी विचारा: घटत्या शिलकीवर दर किती, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडल्यास दंड किती. या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळत नसतील तर ते कर्ज तिथेच सोडून द्या.

आता २१.७ चा हप्ता तुमच्या १८ च्या शिलकीत बसवून पाहा. बसत नाही. वरचे ३.७ गुंतवणुकीतून येणार. त्यात मोठ्या गाडीचा विमा, टायर, सर्व्हिस धरलेच नाही. शिवाय ठेवीतले १५० गेले की उरले ३३०. नोकरी गेली तरी न थांबणारा खर्च आज ६८ आहे (घराचा हप्ता आणि घरखर्च). गाडीचा हप्ता मिळवला की तो ९० च्या घरात जातो. आज तुमच्या ठेवी सात महिने पुरतात, सही केल्यावर पावणेचार महिनेही पुरणार नाहीत. घरात दोन मुले आणि वडीलधारे माणूस असताना मी ठेवी आजच्या खर्चाच्या सहा महिन्यांच्या, म्हणजे साधारण ४१० च्या, खाली उतरू देणार नाही.

सात वर्षांच्या मुदतीचा आणखी एक काच आहे. पहिल्या वर्षात गाडीची किंमत २० टक्क्यांनी उतरली असे धरू. ते अजिबात जास्त नाही. गाडी १२०० ची झाली. बारा हप्ते भरल्यावर कर्ज उरते साधारण १२०५. त्या सुमारास गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे पैसे बँकेकडे जातील आणि थोडी भर खिशातून घालावी लागेल. गाडी नाही, जुनी हॅचबॅकही विकलेली. तीन वर्षांनी गाडी मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ९०० वर असली, तर कर्ज ८७० च्या वर असेल. विकून मोकळे व्हायचे म्हटले तरी हातात काही येत नाही. कमी हप्ता दाखवून लांब मुदत गळ्यात मारली जाते ती अशी.

गाडीसाठी २० टक्के रोख, ४ वर्षांची मुदत आणि गाडीचा सगळा खर्च पगाराच्या १० टक्क्यांत, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो काटेकोर लावला तर तुम्ही साधी गाडीही घेऊ शकणार नाही. तेवढा कडक मी नाही. माझी अट इतकीच: मुदत पाच वर्षांच्या आत, हप्ता आजच्या शिलकीत, आणि आपत्कालीन निधीला हात नाही.

बारा महिने थांबलात तर काय होते? दरमहा १८ प्रमाणे २१६, बोनस १००, जुन्या गाडीचे तेव्हा १५० धरू, आणि ठेवींमधले सहा महिन्यांपेक्षा जास्तीचे ७०. एकूण ५३६. साधी गाडी १३०० ला घेतली तर कर्ज ७६४. घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १५.९ येतो. १८ मधून दोनेक उरतात, ते वाढीव विम्याला आणि टायरला लागतील. जुन्या गाडीवर मधल्या काळात बॅटरी, ब्रेक वगैरेसाठी १५ खर्च झाले तरी हप्ता १६.२ च्या पुढे जात नाही. बोनस आलाच नाही तर १७.९, ओढाताण होईल, पण गुंतवणूक मोडावी लागणार नाही. त्याच बारा महिन्यांनी टर्बो घेतली तर कर्ज ९६४, हप्ता २०. पुन्हा १८ च्या बाहेर.

मधल्या वर्षात ते दोन-तीन लांबचे प्रवास भाड्याच्या मोठ्या गाडीने करा. शक्य असेल तर जी घेणार आहात तीच भाड्याने मिळते का पाहा. वीस मिनिटांच्या चाचणीत जे कळत नाही, ते दोन दिवसांच्या प्रवासात कळते.

आता टर्बोबद्दल. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारी चक्की. दोन्ही गाड्यांतला फरक २००. तो पाच वर्षांच्या कर्जात घातला की व्याजासह सुमारे २४९ होतो. ‘मायलेजमधून निघतील’ हे गणित मांडून पाहू. तुमच्या घरखर्चातले पेट्रोल महिन्याला ५ आहे. टर्बोने ५ टक्के वाचवले असे मानले, तरी महिन्याला पाव, पाच वर्षांत १५. बाकी २३४ कुठून निघणार? आणि ते ५ टक्केही खात्रीचे नाहीत. छोटे टर्बो इंजिन हलक्या पायाने चालवले तर कमी पिते. जोर मागितला, गाडी भरली, की आतले तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी ते जादा पेट्रोल ओतते आणि कागदावरचे मायलेज कागदावरच राहते. साध्या इंजिनात हा फरक इतका मोठा पडत नाही.

तुमचा वापर हा खरा मुद्दा आहे. टर्बोची चक्की धुराच्या दाबावर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि तिचे बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर चालते. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात उतरते, ते उडून जायला वेळ मिळत नाही, तेल पातळ होते, पुढे गाळ धरते. साध्या इंजिनालाही हे बाधते, पण टर्बोला जास्त, कारण तेलाची बारीक वाट तुंबली की आधी बेअरिंग जाते. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये छोट्या फेऱ्यांचा वापर ‘कठीण वापर’ म्हणून वेगळा काढलेला असतो आणि त्यासाठी तेल लवकर बदलायला सांगितलेले असते. शोरूममध्ये सर्व्हिस खर्चाचा जो तक्ता दाखवतात, तो बहुतेकदा सामान्य वापराचा असतो. तुमच्यासाठी कठीण वापराचा तक्ता मागा.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे टर्बो असेल तर आणखी दोन गोष्टी येतात. इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) पेट्रोल पडतच नसल्याने तिथे काजळी साचते, आणि काही वर्षांनी ती काढायचे काम निघू शकते. दुसरे, कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यास वेळेआधीच स्फोट होऊन पिस्टनला इजा होण्याचा धोका असतो. त्यासाठी तेल एपीआय एसपी (ही प्रत डब्यावर लिहिलेली असते) किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या त्याहून नव्या प्रतीचेच हवे. स्वस्तातले तेल इथे महाग पडते. इंजिनाचा टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला आहे का, की साखळी आहे, हेही विचारून घ्या. तसा बेल्ट असेल तर तो बदलण्याचा खर्च आजच हिशेबात धरा. वाढीव वॉरंटी घेणार असाल तर तिच्यात टर्बोचार्जर नावाने लिहिलेला असावा.

एवढे वाचून टर्बो वाईटच असे समजू नका. कुटुंब आणि सामान मिळून ३५० ते ४०० किलो भरतात, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश. साध्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते, टर्बोची त्या मानाने बरीच कमी. तुमचे लांबचे प्रवास भरल्या गाडीने घाट चढण्याचे असतील, तर ओव्हरटेक करताना ही ताकद सुरक्षिततेच्याच खात्यात जमा धरावी लागेल. ते ठरवण्यासाठी पुन्हा टेस्ट ड्राइव्ह घ्या, दोन्ही गाड्यांची, एकाच दिवशी.

रविवारच्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर एकट्याने चालवलेली टर्बो आवडणारच. तिचा जोर साधारण १८०० आरपीएमच्या पुढे एकदम येतो, पाठीला धक्का जाणवतो, माणूस खूश होतो. त्याच्या खाली ती काय करते ते पाहायला हवे. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी जा. पाचही जण गाडीत, एसी पूर्ण, डिकीत सामान. फोन करताना बजावून सांगा की इंजिन आधी तापवून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. आणि जो व्हेरियंट घेणार तोच मागा. चाचणीला बहुधा सर्वांत वरचा व्हेरियंट देतात. त्याची १७-१८ इंची चाके, कमी जाडीचे टायर वेगळे, मागच्या सीटवरचे धक्केही वेगळे. मोठ्या चाकांचे टायर बदलताना किमतीचा धक्का बसतो तो वेगळाच.

दहा मिनिटे रांगत्या गर्दीत चालवा. ड्राय ड्युअल-क्लच (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर चढावर रांगताना झटके देतो का, तापल्याची सूचना येते का पाहा. रोजचा रस्ता असाच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार जास्त निभावतात. चढावर थांबून पुन्हा निघा. मग मोकळ्या, परवानगी असलेल्या रस्त्यावर ताशी ६० वरून १०० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा, दोन्ही गाड्यांत, त्याच पट्ट्यावर. साधी गाडी दोन-तीन सेकंद मागे पडली तर पैसे वाचवण्यासाठी तेवढे सोसण्याजोगे आहे. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच किंचाळत राहिली तर नाही.

थांबल्यावर ड्रायव्हरची सीट तुमच्या मापाला लावून तुम्हीच तिच्या मागे बसा. आईंना तीनदा चढ-उतार करू द्या. एकदा कोणीही नेट लावून चढते, तिसऱ्यांदा गुडघा खरे सांगतो. मुलाची सीट बरोबर नेऊन आयसोफिक्सला (गाडीतल्या मुलांच्या सीटच्या कड्यांना) लावा, वरच्या पट्ट्याचा हुक कुठे आहे तो पाहा, आणि ती लावल्यावर मधे माणूस मावतो का तेही. मधल्या जागेला तीन-बिंदू पट्टा आणि डोक्याचा आधार आहे का? कॉम्पॅक्ट एसयूव्ही बाहेरून उंच दिसते, पण मागे तिघांच्या खांद्यांना मिळणारी जागा कधी कधी चांगल्या हॅचबॅकएवढीच असते. तसे निघाले तर टर्बो की साधे हा प्रश्नच मागे पडतो.

या चाचणीनंतरही टर्बोच हवी असे वाटले तर बारा नव्हे, वीस महिने थांबा. तोवर शिलकीतून ३६०, बोनस १००, जुन्या गाडीचे १४०, जास्तीच्या ठेवीतले ७०, असे ६७० जमतात. कर्ज ८३०, पाच वर्षांचा हप्ता १७.२. दोन-तीन वर्षे वापरलेली टर्बो हाही मार्ग आहे, पण तेल बदलल्याच्या प्रत्येक नोंदीची पावती असेल तरच. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर किंवा जोर देताना वाढत जाणारी शिटी ऐकू आली, तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी सोडा.

तोपर्यंत पुढच्या महिन्यापासूनच १८ वेगळ्या खात्यात टाकायला लागा, पगाराच्या दिवशी, हप्ता असल्यासारखे. तीन महिन्यांत त्यातले दोनदा मोडावे लागले, तर १५.९ चा हप्ताही तुम्हाला जड आहे. मग बारा महिन्यांचे पंधरा करू आणि आकडे पुन्हा मांडू. शोरूमने बुकिंगची रक्कम घेतली असेल तर ती परत मिळण्याची अट पावतीवर काय लिहिली आहे ते मात्र आजच पाहा.