ग्रीलचा रेट किलोवर की फुटावर?

प्रश्न : जुळे सोलापुरात घर आहे, चार खिडक्यांना ग्रील करायचंय. एक फॅब्रिकेटर किलोवर रेट सांगतो, दुसरा स्क्वेअर फुटावर. काम कुणाला द्यावं?

उत्तर : साध्या ग्रीलला किलोचाच रेट बरा, पण वजन रंगाच्या आधी आणि तुमच्यासमोर काट्यावर. 12 एमएमचा चौकोनी बार मीटरला साधारण 1.13 किलो भरतो, 10 चा 0.785, म्हणजे फुटावर बोलणाऱ्यानं गुपचूप 10 चा घातला की तीस टक्के लोखंड गेलंच की ओ! वेल्डिंगचे नुसते ठिपक्यासारखे टाके मारलेले चालणार नाहीत, सांधा फुल भरून घ्या, वरचा स्लॅग (वेल्डिंगवर जमणारी काळी खपली) झाडल्याशिवाय रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, लावू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज सुटतो. फिटिंग, टेम्पोभाडं रेटमध्ये आहे का ते लिहून घ्या. आणि एका ग्रीलला आतून उघडणारं दार ठेवा, आग लागली तर बाहेर कुठून पडणार?