आईच्या तपासणीआधीचा आठवडा

(नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय २६, मानसशास्त्रात एम.ए. झालंय. आईच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार तीन वर्षांपूर्वी संपले. रिपोर्ट चांगले आहेत, तरी दर तपासणीआधी आठवडाभर तिला झोप नसते. कॅन्सरमधून बाहेर पडलेल्यांच्या मनःस्वास्थ्यावर मला पीएचडी करायची आहे. मामा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. आई म्हणते, तो विषय पुन्हा घरात नको. ताई, काय करू?)

प्रिय मैत्रिणी,

पीएचडी जरूर कर, पण आईचं म्हणणं पाळून. ज्यांच्याकडून तू माहिती घेशील त्या नमुन्यात आई नको, प्रश्नावली तपासून बघायलाही नको. आजार परतण्याची भीती उपचारांनंतर अनेकांना छळते आणि तिच्यावर इलाज आहेत. पुढच्या तपासणीत आईची झोप हा वेगळा मुद्दा म्हणून डॉक्टरांपुढे मांडा. तुझ्या प्रबंधाची वाट तिने कशाला बघायची?

आता काम. पुष्कळ जण आधी विषय नोंदवतात, मग हॉस्पिटल शोधत फिरतात आणि तिथेच वर्ष जातं. तू आधी मार्गदर्शक आणि रुग्ण पाठवायला तयार असलेले कॅन्सरतज्ज्ञ, दोघांशी बोल. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नकोस.

खरी मेहनत प्रश्नावलीची. हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल या इंग्रजी प्रश्नावलीत १४ प्रश्न आहेत, ७ चिंतेचे आणि ७ नैराश्याचे. थकवा, भूक मंदावणं यांसारखी शारीरिक लक्षणं त्यात मुद्दाम टाळली आहेत, कारण ती शारीरिक आजारामुळे किंवा केमोसारख्या उपचारांमुळेही होतात. पण त्यातल्या एका इंग्रजी वाक्यात भीतीने पोटात फुलपाखरं उडतात. शब्दशः मराठी केलंस तर पेठ-सुरगाण्याकडची बाई तुझ्याकडे बघतच राहील. आपल्याकडे पोटात गोळा येतो. म्हणून मराठी रूप उपलब्ध आहे का, हे प्रश्नावलीच्या हक्कधारकांना विचार. नसेल तर परवानगी घेऊन भाषांतर, दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत उलट भाषांतर, मग सात-आठ जणांना वाचून दाखवून "यातून तुम्हाला काय कळलं?" असं विचारायचं.

फॉर्म कधी भरून घ्यायचा तेही आधीच ठरव. द्राक्षांच्या काढणीत फक्त फॉर्मसाठी नाशिकला कोण येणार? तपासणीच्या दिवशीच गाठावं लागेल. पण रिपोर्ट हातात पडण्याआधी भीतीचे गुण चढलेले असतात, हे तू घरात बघतेच आहेस. सगळ्यांसाठी एकच वेळ ठेव, रिपोर्टआधी किंवा नंतर, आणि ती नोंदव.

आणखी एक, फार नाजूक. कित्येक घरांत रुग्णाला "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलेलं असतं. तुझ्या फॉर्मच्या मथळ्यावरून तिला कॅन्सर कळणं हा अन्याय होईल. रुग्णाला निदान माहीत आहे ना, हे आधी डॉक्टरांकडून पक्कं कर. शेजारी बसलेला मुलगाच उत्तरं देऊ लागला, तर त्याला नम्रपणे बाहेर बसव.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरलीस तर तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला "हो" आलं, तर त्याच दिवशी कोणाकडे पाठवायचं त्या माणसाचं नाव आधीच ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी असू दे, पण तेवढ्यावर भागवू नकोस.

मामांची काळजी पैशांची आहे आणि ती रास्त आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० मिळतात. वयोमर्यादा ३०, स्त्रियांना ५ वर्षांची सूट. मात्र नुसत्या पीएचडीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. रुग्णांवर उपचारच करायचे असतील तर वाट वेगळी. हे आधी स्वतःशी ठरव, मग मामांशी बोल.