लायगेशन जुळत नाहीये? आधी बफर बघ

पहिल्या तीन-चार लायगेशनना (डीएनएचे तुकडे जोडण्याच्या प्रयोगांना) प्लेटवर जिवाणूंच्या कॉलनी आल्या नाहीत म्हणून खचू नकोस, बहुतेकांचं असंच होतं. एन्झाइमवर संशय घेण्याआधी बफर बघ. टी4 लायगेजला (तुकडे जोडणाऱ्या एन्झाइमला) लागणारं एटीपी, म्हणजे ऊर्जा देणारा रेणू, त्यातच असतं आणि सारखं गोठवून-वितळवून ते खराब होतं. नवी नळी आली की लगेच छोटे छोटे भाग करून ठेव. तळाशी पांढरे कण दिसले तर घाबरू नकोस, ते डीटीटी, बफरमधलाच एक घटक असतो. हाताच्या उबेत धरून विरघळव.

मग प्रमाण. व्हेक्टरला (ज्यात तुकडा बसवायचा त्या डीएनएला) तिप्पट इन्सर्ट (बसवायचा तुकडा) म्हणजे रेणू तिप्पट, वजन नव्हे! इथेच सगळे चुकतात. 3000 बेसपेअरचा व्हेक्टर 50 नॅनोग्रॅम असेल, तर 600 बेसपेअरचं इन्सर्ट 30 नॅनोग्रॅम पुरतं.

आणि इन्सर्टशिवायची, नुसत्या व्हेक्टरची नळी दर वेळी लाव. तिथेही तेवढ्याच कॉलनी आल्या, तर व्हेक्टर नीट कापला गेलेला नाही किंवा स्वतःशीच जुळतोय. गिब्सन, गोल्डन गेट या तुकडे जोडण्याच्या दुसऱ्या पद्धती सध्या राहू दे. पुढच्या वेळी दोन्ही प्लेटचे आकडे कळव.