वेग वाढला, पण फाइल बदलली

प्रश्न : आमच्या एच.२६४ एन्कोडरमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लुकअहेडसाठी, म्हणजे पुढच्या फ्रेम आधीच चाचपण्यासाठी, फ्रेम अर्ध्या आकाराची करणारं सी फंक्शन मी एसएसई२ (अनेक पिक्सेल एकदम हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) वापरून पुन्हा लिहिलं. वेग छान वाढला, पण त्याच क्लिपची फाइल आता वेगळी येते. चित्रात फरक दिसत नाही. टीममधले म्हणतात, सोडून दे. सोडू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नका सोडू. आउटपुट का बदललं हे कळल्याशिवाय असा कोड पुढे जाऊ देऊ नये, या बाबतीत मी हट्टी आहे.

आधी जुनाच कोड दोनदा चालवा. तेव्हाही फायली वेगळ्या आल्या, तर संशय एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेड्सवर घ्या. मग एन्कोडरने स्वतः उभी केलेली फ्रेम आणि डीकोडरची (फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रॅमची) फ्रेम बाइट-न्-बाइट ताडून बघा. ती जुळली नाही तर प्रकरण गंभीर. चूक फ्रेमगणिक साचत जाते. तुमची जुळेल असं वाटतं, कारण छोटी फ्रेम फक्त निर्णयांसाठी असते : सीन कुठे बदलला, बी फ्रेम (आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवरून बनणारी) कुठे ठेवायची.

माझा संशय राउंडिंगवर आहे. १०, ११, १०, १० हे चार पिक्सेल घ्या. सी मध्ये बहुधा बेरीज ४१, त्यात २ मिळवून ४ ने भागलं, उत्तर १०. एसएसई२ ची पीएव्हीजीबी सूचना दोन-दोनची सरासरी काढते आणि अर्धा उरला की वर नेते. १० आणि ११ चे ११, १० आणि १० चे १०, मग ११ आणि १० चे पुन्हा ११. फरक एकचाच, पण असेल तेव्हा नेहमी वरच्या बाजूला. तेवढ्याने एखादी बी फ्रेम पी (फक्त आधीच्या फ्रेमवरून बनणारी) होते आणि तिथून पुढची सगळी फाइल बदलते.

एक्स२६४ या मुक्त एच.२६४ एन्कोडरमध्ये यावर केलेला उपाय मला फार आवडतो. तिथे सी फंक्शनच दोन टप्प्यांत सरासरी काढतं. साध्या पद्धतीपेक्षा हे हळू, पण असेंब्लीशी (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या कोडशी) जुळतं, अशी कॉमेंटही वर आहे. तुम्हीही सी बदला. फाइल त्या एकदाच, जाणूनबुजून बदलेल. त्यानंतर दोन्ही फंक्शनचं उत्तर तंतोतंत एकच यायला हवं.

ते तपासायला रँडम पिक्सेल द्या, सोबत नुसते ० आणि २५५ सुद्धा. १६ ने भाग न जाणारी रुंदी विसरू नका, काठाबाहेरचं वाचन तिथेच पकडलं जातं. एक्स२६४ आणि एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारा सॉफ्टवेअर-संच) या दोन्हींत याच कामासाठीचा तपासणी-प्रोग्रॅम चेकअ‍ॅझम आहे, त्याचा कोड वाचा. तरीही फाइल वेगळी आली, तर पहिली वेगळी फ्रेम शोधा. दिसण्याच्या क्रमाने नव्हे, एन्कोड होण्याच्या क्रमाने.