जुन्या ओम्नीला सेकंड हँड काच आणि काचेची मशीन (हँडल फिरवलं की काच वरखाली करणारी दारातली यंत्रणा) बसेल की नाही, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

तुमची 2009 ची पाच सीटर ओम्नी, डाव्या सरकत्या दाराची एक काच फुटलेली, ड्रायव्हरकडची काच हँडल फिरवूनही वर येत नाही, आणि विकणारा म्हणतोय, "ओम्नीचाच माल आहे, डोळे झाकून न्या." डोळे उघडेच ठेवा. ही गाडी 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आली, 1988 ला ओम्नी झाली, 1998 ला तिचं तोंड बदललं आणि 2019 ला ती बंद झाली. 35 वर्षांच्या मालाला एकच नाव, त्यात पाच सीटर, आठ सीटर, कार्गो, ॲम्ब्युलन्स. नुसत्या "ओम्नीचा" या शब्दावर पैसे मोजू नका. कुणी ईकोची काच काढून "थोडी घासून बसवू" म्हणालाच, तर तिथून निघा. 2010 ला आलेली ईको मारुतीच्याच व्हर्सा गाडीच्या अंगाची आहे, ती वेगळीच गाडी.

"घासून बसवू"वर माझे पैसे बुडालेत. माझी ओम्नी पुण्यात मार्केट यार्डातून फुलं न्यायची. एकदा क्रेट चढवताना दाराची काच गेली. भंगारातून दुसरी आणली, घरी लावून बघतो तर उंचीला 3 मिलिमीटर जास्त. काचवाला नको नको म्हणत होता, मीच हट्ट धरला. कड घासायच्या पट्ट्याला टेकली मात्र, फट्कन आवाज आला आणि पायाशी खडीसाखरेचा ढीग. दाराची काच टफन्ड असते. भट्टीत तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार केलेली, त्यामुळे वरचा थर दाबात आणि आतला ताणात. कापणं, भोक पाडणं जे काय ते भट्टीत जाण्याआधीच. म्हणून घेताना कडेवरून नख फिरवून बघा, टवका लागला तर ती काच नको.

मापासाठी तुमच्या उजव्या सरकत्या दाराची काच शाबूत आहे ना? तिला पुठ्ठा लावून आकार काढा. पुठ्ठा उलटा केला की डाव्या बाजूचा साचा तयार. सरकत्या खिडकीत दोन काचा असतात आणि पुढची मागच्या जागी बसेलच असं नाही, तेव्हा कुठली फुटलीय ते पुठ्ठ्यावरच लिहा, खटका कुठे येतो तेही. जाडी व्हर्नियरने मोजा. अर्धा मिलिमीटर जास्त असली तरी काच चॅनलमध्ये, म्हणजे ती सरकते त्या खाचेत, अडकते, कमी असली तर खड्ड्याखड्ड्याला खडखडते आणि पावसात पाणी आत. बाक बघायला काचेवर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि फट तुमच्या शाबूत काचेशी ताडून बघा.

कोपऱ्यातला शिक्का वाचा. कंपनीचं नाव, आयएसआयची खूण आणि टफन्ड की लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) हे तिथेच असतं. बाहेरच्या अंगाने अक्षरं उलटी दिसली तर बहुधा ती दुसऱ्या बाजूची काच आहे. काचेवर कुणाच्या गाडीचा नंबर कोरलेला असेल तर बिलाशिवाय हात लावू नका. काळी फिल्म असेल तर दुकानातच काढायला लावा, खालचे ओरखडे तेव्हाच दिसतात. शिवाय बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असा मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो.

आता मशीन. ती खरंच गेलीय का, हे आधी बघा. पुष्कळदा चॅनलचं रबर वाळून काच धरून ठेवतं आणि मशीन बिचारी विनाकारण बदनाम होते. सिलिकॉन स्प्रे मारून दोन दिवस वापरून बघा. तरी चढत नसेल तर जुनी मशीन काढून सोबतच न्या. हँडल स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. त्याच्या मागे फडक्याची कड घाला, बूट पुसल्यासारखी दोन्ही बाजूंनी ओढा, हँडल धरून ठेवणारी क्लिप टुणकन उडते (ती शोधायला पोरं कामाला लावा). दुकानात दोन्ही मशीन शेजारी ठेवा. बोल्टची भोकं, आर्मची (काच उचलणाऱ्या दांड्याची) लांबी, रोलर आणि हँडल बसतो तिथले दाते मोजा. डावी-उजवी आरशातल्यासारखी उलट असते, घाईत नेमकी तीच गफलत होते. मग एका हाताने आर्म दाबून धरून दुसऱ्या हाताने फिरवा. दाता घसरला तर परत द्या.

पार्ट नंबर टिकला असेल तर तो पूर्ण जुळवा. मारुतीचा नंबर म्हणजे पाच आकडे, मधे एम, मग पुढचा भाग. पहिले पाच फक्त वस्तू कोणती ते सांगतात, मॉडेल एमच्या पुढे असतं, आणि विकणारा दाखवताना बोट पहिल्या पाचांवरच ठेवतो.

रबर आणि चॅनल मात्र नवीनच घ्या. आणि काच घरी नेताना सीटवर आडवी टाकू नका, गोधडीत गुंडाळून उभी धरायला कुणाला तरी सोबत न्या.