पहिल्या बाळंतपणासाठी चेंडू निवडताना
तुमचे हे पहिलेच बाळंतपण असल्याने, बर्थिंग बॉल, म्हणजे गरोदरपणात आणि कळांच्या वेळी बसायला किंवा टेकायला वापरतात तो हवा भरलेला मोठा चेंडू, विकत घेण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारा. रक्तस्राव होत असेल किंवा सोनोग्राफीत वार (गर्भाशयातून बाळाला पोषण देणारा अवयव, प्लॅसेंटा) खाली असल्याचे दिसले असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय त्यावर बसू नका. उंची ५ फूट ३ इंचांपर्यंत असेल तर ५५ सेंटिमीटरचा आणि त्याहून अधिक असेल तर ६५ सेंटिमीटरचा चेंडू बहुधा योग्य ठरतो. मात्र खरी पारख अशी, की बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहावी. खाली सतरंजी नको, ती फरशीवरून सरकते. योगासनांची मॅट अंथरा, पायमोजे काढा आणि सुरुवातीला कुणालातरी शेजारी उभे करा.

मला चेंडूचा खरा आधार कळा सुरू झाल्यावर मिळाला. त्यावर बसून कंबर गोलाकार फिरवण्यापेक्षा, गुडघे टेकून त्याला मिठी मारून पुढे झुकणे मला अधिक मानवले, कारण पोटाचा भार चेंडूवर जाऊन पाठ मोकळी होते आणि कळ येताच सोबतच्या माणसाला माकडहाडाच्या वरचा भाग तळव्याने घट्ट दाबून धरता येतो. हा दाब कुठे द्यायचा, हे घरच्यांना आधीच दाखवून ठेवा. प्रसूतिगृहात चेंडू नेऊ देतात का, हेही आठव्या महिन्यातच विचारा.