ऋजुता नाव ठेव, पण स्पेलिंग आधी ठरव

अगं, ऋजुता नाव सुंदरच आहे. सासूबाईंना अवघड वाटतंय म्हणून सोडू नकोस. फक्त स्पेलिंग बारशाआधी नक्की कर. आपण मराठी माणसं ‘ऋ’साठी आर-यू लिहितो, हिंदीवाले आर-आय. मुंबईत तिला ‘रिजुता’ अशी हाक ऐकू येणारच. आर-यू धरलंस तर निदान वाचणारा ‘रु’ म्हणेल. शेवटी साधं टी-ए ठेव. दक्षिणेकडे ‘त’साठी टी-एच लिहितात, आपल्याकडे त्याचा ‘थ’ होतो. आणि अंकशास्त्रासाठी जादा ए घुसडणं मला अजिबात पटत नाही. पोरीला जन्मभर ‘डबल ए’ सांगत बसावं लागतं.

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण नाव मागाहूनही घालता येतं, वर्षभरात तर विनाशुल्क. तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर घाईघाईने काही लिहू नका. दाखला मिळाला की खिडकीपाशीच मराठी आणि इंग्रजी, दोन्ही नावं अक्षर न् अक्षर वाच. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. त्यामुळे तुझंही स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच दे.